दहा हजारांची गाठ

मोर्शीच्या संत्रा बाजारात मोजणीत ललिताबाईचा हात धरणारं कोणी नाही. पाच-पाच संत्री उचलायची, शंभर झाली की वाटीत एक खडा टाकायचा. वाटीत शंभर खडे जमले की दुपट्ट्याला एक गाठ मारायची, वाटी रिकामी करायची, पुन्हा पहिल्यापासून. तीस वर्षांत एका संत्र्याचा फरक नाही. अशी बाई कोणाच्या शब्दावर विसंबेल? छे! दूधवाल्याचं मापही ती उलटं करून पाहते.

आणि तिचीच लेक दीपमाला अमरावतीला जपानी शिकत होती. म्हाताऱ्यांची सेवा करायला तीन वर्षं जपानला जायचं म्हणे. घरात मायलेकी दोघीच. ललिताबाईला पहिल्या दिवसापासून यात काळंबेरं दिसत होतं. नोकरीच्या नावाखाली पोरींना कुठं कुठं नेतात, हे तिनं बाजारात ऐकलं होतं. म्हणून पासपोर्ट घरी आला तसा तिनं तो ज्वारीच्या कोठीत दडवला.

एका संध्याकाळी पोरगी मोठ्यानं आकडे घोकत होती.

"लाखाले काय म्हनते व तिकडे?"

"जू-मान. म्हंजे दहा मान."

"आन् कोटीले?"

"हजार मान."

ललिताबाईनं भाकर तव्यावरच सोडली. ज्या देशात लाखाला नाव नाही, कोटीला नाव नाही, तो देश कसला? "तुई मास्तरीन फसवून राहिली तुले. तिलेच येत नसन!"

दुसऱ्या दिवशी पोरीच्या आधी तीच एसटीत चढून बसली. क्लास म्हणजे दुकानावरची एक खोली. ललिताबाईनं आधी पाटी वाचली, मग दाराची कडी पाहिली, मग प्रणाली मॅडमला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मॅडम, पोरीले लाख कावून नाई शिकवला?"

मॅडम हसल्या नाहीत. खडू घेऊन फळ्यावर एकावर चार शून्यं काढली. "ताई, त्यांच्याकडे दहा हजार झाले की एक मान. मग दोन मान, तीन मान. लाख म्हणजे दहा मान. दहा हजार मान झाले की मगच नवा शब्द येतो, ओकू."

"दहा हजाराले एक?"

"हो."

भगवंतराव बागायतदारांच्या बगीच्यातली मोजणी कालच संपली होती, गाठी सोडायच्या राहिल्या होत्या. ललिताबाईनं तीन गाठींचा दुपट्टा पुढं केला. "मंग हे?"

"सान-मान, माय," दीपमाला म्हणाली. "तीस हजार."

"अवं, मी तं जन्मभर असंच मोजून राहिली!"

परतताना तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट ती एसटीत नवी शंका शोधत होती. कडी पक्की होती, बाई सरळ होती, हिशेब बरोबर होता. खरं सांगायचं तर तिला मॅडम खोटी निघायला हवी होती. तशी निघाली असती तर पोरगी घरी राहिली असती.

घरी येताच तिनं कोठीत हात घालून पासपोर्ट काढला, पदरानं पुसला.

"तीन वर्षं म्हंजे किती दिवस होते?"

"एक हजार पंच्याण्णव."

ललिताबाईनं मनात खडे टाकले. "दहा खडे न् वरचे थोडे. एक गाठबी नाई पडत. जाय."

तिनं पासपोर्ट पुढं केला. दीपमालानं तो धरला, पण मायच्या हातातलं टोक काही लवकर सुटेना.