मधातून दिलेली गोळी

"ओपिऑइड ओव्हरडोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे वेदनाशामक इतकं झालं, की शरीर श्वास घ्यायचं विसरतं. समोर माझा नवरा सुनील पडला होता, ओठ निळसर. मी म्हणाले, "शक्यच नाही. तो बिअरसुद्धा घेत नाही." माझ्या लेखी व्यसन म्हणजे दारू, गोळी म्हणजे औषध.

सुनील अमेरिकेत ट्रॉय शहराजवळच्या एका बांधकामावर साइट इंजिनिअर. मार्चमध्ये परांचीवरून पडला, कंबर धरली. डॉक्टरांनी ऑक्सिकोडोन या ओपिऑइड वेदनाशामकाच्या गोळ्या आणि विश्रांती सांगितली. पण व्हिसा नोकरीवर टांगलेला, त्यामुळे आठवड्यात तो पुन्हा साइटवर.

गोळ्या संपल्या, दुखणं संपलं नाही. साइटवर कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा गेलेला. डब्याबरोबर गोळ्याही वाटून खायचे. रे नावाच्या गवंड्याने त्याला आपल्यातल्या दिल्या. गोळी चुकली की सुनीलला घाम, कापरं. मला वाटायचं, फ्लू आहे.

सुनीलला गोळी गिळता येत नाही. लग्नापासून मी कुटून मधातून देते. त्या रविवारी सकाळी रेने दिलेली नवी गोळीही तशीच दिली. पोहे होईपर्यंत तो सोफ्यावर विचित्र घोरायला लागला. मग घोरणं थांबलं. मी ९११ फिरवला.

नॅलोक्सोन या उताऱ्याने त्याने डोळे उघडले. "गोळी गिळली, चावली की कुटली?" बाईंनी विचारलं.

पोलीस येतील, व्हिसा जाईल, इथल्या मराठी मंडळात बभ्रा होईल, असं मनात आलं. तेवढ्यात मॉनिटर वाजायला लागला. त्याचा श्वास पुन्हा मंदावला होता.

"मी कुटली," मी म्हणाले.

"म्हणजे ती एक्स्टेंडेड रिलीज असणार. दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम पोटात गेलं. उतारा लवकर ओसरतो, आता सतत द्यावा लागेल. सांगितलंत ते बरं केलंत."

दोन दिवस आयसीयूत मी त्याच्या छातीकडे बघत बसले. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

नंतर ब्युप्रेनॉर्फिन सुरू झालं, जिभेखाली ठेवायची, तलफ आवरणारी गोळी. कॉलिंग कार्डावरून भारतात फोन लावून सासूबाईंना मी सांगितलं, "बीपी वाढलं होतं." मंडळातल्या काकूंनाही तेच.

सप्टेंबरमध्ये रेच्या बायकोचा फोन आला. रे गाडीत गोळ्या लपवतो म्हणाली. "तुला कधी कळलं?"

बीपीची गोष्ट ओठांवर आली होती. पण म्हणाले, "कळलंच नाही. मी माझ्या हातानं दिली." ती रडायला लागली. मीही.

तुमच्या घरी असं काही असेल, तर लाजेपायी वेळ घालवू नका. मी घालवला होता, आणि सुनील थोडक्यात वाचला.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांना मीच क्लिनिकला घेऊन गेले. रे मागच्या सीटवरून सारखा सॉरी म्हणत होता. "सुनील जिवंत आहे," मी म्हणत राहिले, "तू आत चल."