महादूच्या विहिरीकडे

आमच्या घरी रोजची भाजी दोन भांड्यांत उतरते. मीठ घालण्याआधी आई आजोबांपुरती वाटी बाजूला काढते आणि मगच मिठाच्या बरणीला हात लावते. आजोबा अळणी का जेवतात हे मी लहानपणापासून विचारत आलो. आई म्हणे, वैद्याने सांगितलं असेल. बाबा म्हणत, नवस असेल. आजोबा स्वतः काहीच सांगत नसत. पुण्यात त्यांची उभी हयात गेली, तरी बोली वऱ्हाडीच राहिली, त्यामुळे गल्लीतली माणसं त्यांना फटकळ समजत आणि फारसं खोलात शिरत नसत.

मी ज्या पेढीवर कारकून आहे, तिथल्या शेटजींनी मला अमरावतीला जाऊन कापूस डोळ्यांनी पाहून यायला सांगितलं. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडच्या कापसावाचून विलायतेचं पान हलत नाही, असं ते दिवसातून चारदा सांगत. निघायच्या आदल्या दिवशी आजोबांनी जेवता जेवता हात थांबवला.

"अमरावतीले चालला म्हनते तुही माय."

"हो."

"मंग येताना अकोल्यावरून येजो. तेल्हाऱ्याच्या वाटेनं पूर्णा ओलांडली का आमचं गाव हाय."

त्यांना गाव आहे, हेच मला नवं होतं. मग त्या पानावर बसूनच त्यांनी सगळं सांगितलं. तरुणपणी ते गावचे पाणाड्या होते, म्हणजे जमिनीत पाणी कुठे लागेल ते दाखवणारे. त्या भागात जमिनीखाली खारं पाणी. बायका दीड कोसावरून गोडं पाणी आणत. आजोबांनी कडुलिंबाची डहाळी हातात धरून शिवारात एक जागा दाखवली आणि त्यांच्या शब्दावर सगळा गाव उन्हाळाभर खणत राहिला. दगड वर ओढताना दोर तुटला, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाची, सखारामची, उजव्या हाताची दोन बोटं गेली. तरी खणणं थांबलं नाही. शेवटी पाणी लागलं. पहिला पोहरा पाणाड्याने चाखायचा, अशी तिथली रीत. आजोबांनी चाखला.

"खारं हाय," एवढंच ते बोलले. पोहरा खाली ठेवला आणि शिवेबाहेर चालू लागले ते परत गेलेच नाहीत. त्या दिवसापासून मीठ सोडलं.

"सखाराम जिता असन तं त्याले एक विचारजो," आजोबा म्हणाले. "म्हना, महादू विचारते, आता मीठ खाऊ का?"

असा निरोप घेऊन आजवर कोणी प्रवासाला निघालं असेल असं मला वाटत नाही. मला हसू आलं. 'विचारीन' एवढंच म्हटलं.

रूळ जिथवर पडले होते तिथवर आगगाडीने गेलो आणि पुढे छकड्याने. पौष महिना होता. वऱ्हाडची जमीन काळी, सपाट, क्षितिजापर्यंत एक टेकडी नजरेला अडत नाही. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला प्रथम चुकल्यासारखं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस अडकलेला, कारण पुढे गेलेली प्रत्येक गाडी थोडा थोडा मागे ठेवून गेली होती. धुळीत, बैलांच्या पापण्यांवर, गाडीवानांच्या मिशांत, सगळीकडे कापूस. अमरावतीच्या दगडी परकोटाच्या वेशीत शिरलो तेव्हा माझ्या नव्या पगडीवर इतका कापूस बसला होता की एका व्यापाऱ्याने गमतीने तिचा भाव विचारला.

बाजारात पोचलो. माणसाच्या दुप्पट उंचीचे कापसाचे ढीग, त्यांवर चढलेली माणसं, आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारे दलाल. शेटजींसाठी टिपणं काढायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी अंबादेवीच्या दर्शनाला गेलो. देवळाबाहेर एका फुलवालीच्या टोपलीत जेमतेम मूठभर झेंडू होता.

"एवढीच फुलं?" मी विचारलं.

"मालकानं मळा मोडून कापूस पेरला बाप्पा," ती म्हणाली. "मी म्हन्लं, देवीले काय आता कापूस वाहू? तं तो हसते."

मी झेंडू घेतला. मनात मात्र एक नवीच भीती शिरली. लोक फुलांचे मळे मोडत असतील, तर खाऱ्या विहिरीला कोण ठेवेल? ती विहीर, तो भाऊ, यांतलं काही उरलं आहे की नाही हे न कळताच मी निघालो होतो.

अकोल्यापर्यंत ठीक झालं. मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात धर्मशाळेत उतरलो, दोन वेळा झणझणीत झुणका-भाकर खाल्ली आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. पण पुढे तेल्हाऱ्याच्या वाटेला गाडीच मिळेना. जी ती गाडी कापसात गुंतलेली. अखेर किसन नावाचा एक गाडीवान भेटला. त्याची गाडी तेल्हाऱ्याकडेच निघाली होती, पण गोण्यांनी भरलेली.

"गोन्यायवर बसून येत असान तं चला," तो म्हणाला.

"गोण्यांत काय आहे?"

"मीठ. जाताना कापूस नेतो, येताना दर्याचं मीठ आनतो. रिकामी गाडी काहून हाकावी?"

अळणी माणसाचा निरोप घेऊन मी मिठाच्या गोण्यांवर बसून निघालो. ते किसनला सांगितलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. पूर्णेच्या पात्रात पाणी गुडघाभरच, पण मधोमध बैल अडले. मला उतरून चाक रेटावं लागलं. माझा एक पुणेरी जोडा तिथल्या गाळात राहिला तो राहिलाच. किसनने शोधाशोध केली नाही, फक्त म्हणाला, "दुसराई टाकून द्या, एक घालून काय करता?" त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मी अनवाणीच गावात शिरलो.

वेशीशी एक बाई डोक्यावर घागर घेऊन येत होती. घसा कोरडा पडला होता, म्हणून पाणी मागितलं. तिने ओंजळीत ओतलं. पहिल्याच घोटाला मला ठसका लागला.

"हे आमचं गोडं पानी हाय," ती हसून म्हणाली. "खारं पाह्याचं असन तं महादूच्या इहिरीवर जा."

माझ्या ओंजळीतलं उरलेलं पाणी सांडलं. आजोबांचं नाव इथल्या बाईच्या तोंडी इतक्या सहज होतं! ही शिवी आहे की आणखी काही, ते कळेना. तिने दाखवलेल्या वाटेने चालू लागलो.

विहीर होती. भोवती मातीचे उथळ वाफे, काठ ढासळलेले, कोरडे. शेजारी कापसाचं शेत अगदी विहिरीला येऊन भिडलेलं. धोतर खोचलेला एक पाठमोरा म्हातारा बोंडं वेचत होता. त्याने पलीकडचं बोंड तोडायला हात लांबवला आणि मला त्या हाताला तीनच बोटं दिसली. मी जवळ जाऊन वाकून नमस्कार केला.

"कोन रे तू?"

"मी पुण्याहून आलो. महादूंचा नातू."

म्हाताऱ्याने ओच्यातला कापूस खाली ठेवला. 

"जिता हाय?"

"हो. त्यांनी एक विचारायला सांगितलं आहे. आता मीठ खाऊ का?"

सखारामआजोबांना अर्थ लागला नाही. मग मी सगळं सांगितलं: दोन भांड्यांतली भाजी, वैद्य, नवस, सगळं. ते विहिरीच्या काठावर बसले. हसले, आणि हसता हसता पंच्याने डोळे पुसू लागले.

"अरे, तो गेला त्याच उन्हायात आमी मीठ पाडलं या इहिरीतून. पानी काढाचं, वाफ्यात सोडाचं, ऊन करते बाकीचं. आसपासची गावं आमच्या मिठावर जेवली. दुष्काळात ह्याच मिठाच्या बदल्यात जवारी आली घरात. महादूची इहीर म्हनतेत लोक हिले. अन् तो तिकडं अळनी जेवून राहिला?"

"त्यांना वाटलं, तुमची बोटं त्यांच्यापायी गेली."

"बोटाचा राग नाई रे. पान्याचाई नाई. सांगून गेला नाई, त्याचा राग हाय. माय रोज वेशीवर जाऊन बसे." त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "जाऊ दे. चाल घरी."

घरी सुनेने रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले गव्हाच्या पिठाचे गोळे) आणि वांग्याची भाजी केली होती. जेवताना कळलं की आता मीठ पाडणं बंद आहे. कापसाच्या गाड्या येताना दर्याचं पांढरंशुभ्र मीठ आणतात, मग हे करडं मीठ कोण घेणार? मी त्याच गोण्यांवर बसून आलो होतो, हे सांगायची मला लाज वाटली. पोरं म्हणतात, विहीर बुजवा, तेवढ्या जागेत कापूस होईल.

"मी थांबवून ठेवलं," सखारामआजोबा म्हणाले. "ज्यानं जागा दाखवली, त्यानंच बुजवाले मातीची पह्यली पाटी टाकावी. त्याले सांगजो, हा कापूस निंगाला का बुजवनं हाय. येत असन तं ये म्हना. नाई आला तरी बुजवनंच हाय." आणि उठून त्यांनी एक लहान मडकं आणलं. तळाशी करड्या मिठाचे खडे होते, शेवटच्या वर्षाचे. ते त्यांनी फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी एवढंच दिलं.

परतीच्या वाटेवर मला पाहण्यासारखं काही दिसलं नाही, कारण माझं लक्ष त्या पुरचुंडीवर होतं. शेटजींची टिपणं एकदा छकड्यात विसरलो, पुरचुंडी मात्र झोपेतही हातातून सुटली नाही. वऱ्हाड पाहून आलो असं लोक म्हणतात. मी एक शेत आणि एक विहीर पाहून आलो, आणि माझा आजोबा कोण होता हे मला परक्या गावच्या पाणवठ्यावर कळलं.

घरी पोचलो तेव्हा आजोबा जेवायला बसले होते. मी एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं, रागाचंही सांगितलं, वेशीवर बसणाऱ्या त्यांच्या आईचंही. ते ऐकून त्यांनी मान खाली घातली. माझ्या आईने फडकं सोडलं आणि त्यांच्या ताटात, आजवर रिकाम्या राहिलेल्या जागी, मिठाचा एक खडा वाढला. 

आजोबांनी खडा चिमटीत चुरला, भाजीत मिसळला, घास घेतला. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले.

"खारं हाय," ते म्हणाले.

मग आईकडे पाहून म्हणाले, "वाढ अजून." आणि माझ्याकडे वळून, अगदी बाजाराला जाण्याची गोष्ट काढावी तसं विचारलं, "रूळ आता कुठवर आले म्हनतं?"