गॅरेजमधली बोट

काकू गेल्या तो सोमवार होता. बुधवारी काका लायब्ररीत आले. त्यांनी व्हेनिसचं पुस्तक काउंटरवर ठेवलं. मुदत संपायला चार दिवस होते. मी पुस्तक घेतलं. ते म्हणाले, "आता दुसरं नको." आणि ते गेले.

त्याआधीची चार वर्षं त्यांचं वाक्य वेगळं होतं. "एवढं एक बघून घेऊ." हे म्हणताना ते तर्जनी वर करत, जणू बघायचं खरोखरच एवढं एकच उरलं आहे.

मी डेट्रॉईटच्या उत्तरेला, ट्रॉयमधल्या लायब्ररीत काम करते. काका माझे नात्यातले कोणी नव्हते. पण त्या वर्षांत तिथे मराठी घरं थोडी होती, आणि आपल्या आधी आलेल्या प्रत्येकाला आम्ही काका-काकू म्हणत होतो. दर शनिवारी सकाळी दहाला दार उघडलं की काका बाहेर उभे असत. आत येऊन खिडकीजवळचं लांब टेबल धरत, व्हेनिसचा नकाशा पसरत आणि शर्टाच्या खिशातून शिवणाचा दोरा काढत. शहरातला मोठा कालवा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. त्या वळणावर ते दोरा बोटाने हळूहळू बसवत, मग उचलून पट्टीवर सरळ धरत. "सव्वादोन मैल," ते म्हणत. पुढच्या शनिवारी पुन्हा मोजत. कालवा तेवढाच असे.

त्यांचा पेशा सांगितला तर तुम्हाला यातलं बरंच उलगडेल. काका मोटारीच्या एका कंपनीत इंजिनिअर होते आणि माणूस गाडीत शिरतो कसा, बाहेर येतो कसा, हे मोजणं हे त्यांचं काम होतं. आधी डोकं आत जातं की पाय, उंबरठा किती उंच झाला की म्हातारा माणूस दाराला हात घालतो, असं सगळं. गाडी बनण्याआधी तिचा लाकडी सांगाडा करतात आणि त्यात उंच, बुटकी, जाडी, बारीक माणसं बसवून-उठवून पाहतात. काकांनी वीस वर्षं तेच पाहिलं होतं. काकू म्हणत, "मला बघायला आले तेव्हा मी टांग्यातून उतरत होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. हे पायरीकडे."

व्हेनिसचं खूळ मात्र मुळात काकूंचं. ट्रॅव्हल एजंटने दिलेल्या कॅलेंडरवर जून महिन्याला गोंडोलाचं चित्र होतं. जून संपला तरी त्यांनी ते पान उलटलं नाही. त्यांचं माहेर सांगलीजवळ, कृष्णेच्या काठी. शाळा पलीकडच्या तीरावर असल्यामुळे त्या रोज नावेतून जात. चित्रातला माणूस मागच्या टोकाला उभा राहून एकाच वल्ह्याने बोट चालवत होता, आणि त्यांचा नावाडीही तसाच मागे उभा राहत असे, हातात बांबू घेऊन. "तिकडे आता पूल झाला," त्या मला म्हणाल्या. "नाव बंद. म्हटलं, इकडे अजून चालू आहे तर बसून घ्यावं."

त्याच वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, काकूंच्या पायांचा आजार कळला. तो स्नायूंचा होता. डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि औषध नाही हेही सांगितलं. चालणं जाईल, किती वेगाने ते सांगता येणार नाही. घरी येताना काकूंनी गाडीत एवढंच म्हटलं, की पाय आहेत तोवर त्या नावेत एकदा बसायचं आहे. हे मला काकांनीच सांगितलं. सांगताना ते नकाशाची घडी घालत होते आणि ती नीट बसत नव्हती.

पहिला बेत पुढच्या मे महिन्याचा होता. रजा मंजूर झाली, व्हिसाचे अर्ज आणले. मग काकांच्या लक्षात आलं की तिथल्या कालव्यांना भरती-ओहोटी असते. पाणी खाली गेलं की बोटही खाली जाते. म्हणजे धक्क्यावरून बोटीत उतरायची पायरी कधी सहा इंच, कधी पंधरा. गाडीचा उंबरठा निदान जागेवर असतो. "ही पायरी दर तासाला बदलते हो," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही होता.

भरतीचं वेळापत्रक मी मिळवून दिलं. विद्यापीठाच्या लायब्ररीतून मागवावं लागलं. ते यायला सहा आठवडे लागले, आणि तेवढ्यात मे महिना गेला.

मग काकांनी गॅरेजमध्ये बोट बांधायला घेतली. सबंध नाही, माणसं बसतात तो मधला आठ फुटांचा भाग. प्लायवूडचा, काळा रंग दिलेला. पुस्तकात त्यांना सापडलं होतं की गोंडोला मुद्दाम वाकडी बांधतात. नावाडी एका बाजूला उभा राहतो, त्याच्या वजनाचा तोल साधावा म्हणून डावी बाजू जास्त रुंद असते. काकांनीही ती तशीच केली. खाली ट्रकच्या दोन ट्यूबा फुगवून ठेवल्या, बोट डुलायला हवी म्हणून. शेजारी विटांचा धक्का रचला. चार विटा काढल्या की पायरी लहान, म्हणजे भरती; घातल्या की ओहोटी. त्यांची मोटार तेव्हापासून बाहेर बर्फात उभी राहू लागली.

काकू त्या धक्क्यावरून बोटीत उतरत, काका टेप आणि घड्याळ घेऊन टिपून घेत. शनिवारी दुपारी मीही जाऊ लागले. नावाड्याच्या जागी हात द्यायला कोणी तरी हवं असे. काकू माझा हात धरून उतरत, बसत, पदर सावरत आणि म्हणत, "यांच्या बोटीत पाणी सोडून सगळं आहे."

त्यांच्या शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांची मासे धरायची छोटी बोट ट्रेलरवर घरासमोरच असे. एकदा ते कुंपणाशी येऊन म्हणाले, की तळं वीस मिनिटांवर आहे, कुठल्याही रविवारी चला, मी आणि माझा मुलगा मिळून तुमच्या बायकोला अलगद बसवू. काकूंनी ताबडतोब काकांकडे पाहिलं. काकांनी शेजाऱ्यांचे मनापासून आभार मानले. मग आम्हाला मराठीत म्हणाले, "त्या बोटीची बाजू फार बुटकी आहे. हिला ती सवय लागली तर आपले आकडे बिघडतील."

शेजाऱ्यांची ती बोट अजूनही घरासमोर असते.

पहिल्या वर्षी काकू नऊ इंचांची पायरी उतरत होत्या. पुढच्या वर्षी सहा. पायाला आधाराचे पट्टे आले तेव्हा सगळी मोजमापं पुन्हा करावी लागली, आणि पंच्याऐंशीच्या सप्टेंबरचा बेत कॅन्सल केला. मग काठी आली. मग चार इंच. काकांनी आलेखाच्या कागदावर एक रेघ काढली होती आणि दर महिन्याला ती थोडी पुढे नेत होते. ती रेघ खाली कुठे जाऊन टेकणार हे मलाही दिसत होतं. त्यांना दिसत नसेल असं मी कसं म्हणू? तोच तर त्यांचा रोजचा धंदा होता. पण रेघ जितकी खाली गेली, तितक्या चिकाटीने ते चार इंचांचीच पायरी उरेल अशी भरती कुठल्या तारखेला, किती वाजता येते ते शोधत राहिले. मीही पुस्तकं काढून देत राहिले.

त्यांची मुलगी कॉलेजातून सुट्टीला आली होती. तिने गॅरेजच्या दारात उभं राहून सगळं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, जस्ट टेक हर."

"नेणारच आहे," काका म्हणाले. "एवढं एक बघून घेऊ."

आता मला स्वतःबद्दल एक सांगायचं आहे. एका प्रवासवर्णनात मला एक परिच्छेद सापडला होता. चालता न येणाऱ्या एका वृद्ध बाईला दोन नावाड्यांनी सहज उचलून बोटीत ठेवलं, आणि ती हसत होती, एवढंच. मी ते पान काकांना दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला. "परक्या माणसांनी उचललेलं तिला चालणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

त्याच दुपारी काका विटा रचत असताना काकूंनी मला हळूच विचारलं, "तू एवढी पुस्तकं वाचतेस. माझ्यासारख्या बायका त्या बोटीत कशा चढतात, ते कुठे दिलंय का गं?"

मला माहीत होतं. तीन तासांपूर्वीच वाचलं होतं. मी काकांच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघते."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शेवटची तालीम शहाऐंशीच्या शरद ऋतूत झाली. सगळ्या विटा काढल्या होत्या, धक्का जमिनीला टेकला होता. मी आणि काकांनी दोन बाजूंनी धरून काकूंना आत बसवलं. त्यांना धाप लागली होती. थोडा वेळ त्या डोळे मिटून बसल्या. ट्यूबांवर बोट जराशी हलत होती. मग त्या काकांना म्हणाल्या, "अहो, टेप ठेवा. जरा मागे उभे राहा ना, नावाड्यासारखे."

काका गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं. कोपऱ्यात बर्फ ओढायचं लांब दांड्याचं फावडं होतं, मी तिकडे बघत होते. वाटलं होतं, उठतील.

"एवढं एक बघून घेऊ," ते म्हणाले आणि त्यांनी टेप बोटीच्या काठाला लावला.

काकूंनी दुसऱ्या बाजूने हात बाहेर सोडला. बोटं सिमेंटच्या जमिनीपासून वीतभर वर होती. गॅरेजच्या बंद दाराकडे बघत त्यांनी तो हात मागेपुढे केला. काकांचं लक्ष आकड्यांवर होतं. तो आकडा त्यांनी वहीत लिहिला की नाही, मला आठवत नाही.

पुढच्या महिन्यात काकू अंथरुणाला खिळल्या. मग छातीत कफ साठू लागला. काका शनिवारी येत राहिले, नवीन पुस्तक नेत राहिले आणि मी ते देत राहिले. बोटीत झोपून कसं नेता येईल, याचं त्यांनी एक चित्रही काढलं होतं. फेब्रुवारीत त्या गेल्या.

तुम्ही अमेरिकेतल्या हिवाळ्यात आपल्याकडच्या कोणाच्या घरी भेटायला गेला असाल, तर बूट आणि कोट यांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल. रविवारी बरीच माणसं आली. बूट बाहेर काढायचे म्हणून सगळे गॅरेजमधूनच आत गेले. कोट ठेवायला जागा नव्हती. कोणी तरी आपला कोट त्या काळ्या बोटीत ठेवला, त्यावर दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. ती काय आहे हे बहुतेकांना माहीत नव्हतं. जड, लोकरीचे, ओले कोट काठापर्यंत आले.

मी निघाले तेव्हा काका गॅरेजमध्ये उभे होते. लोक वाकून आपापला कोट शोधत होते, आणि प्रत्येक कोट उपसताना बोट डुलत होती. काकांनी एका हाताने तिचा काठ धरून ठेवला होता. धक्क्यावर बोट स्थिर धरायला एक म्हातारा असतो, असं त्यांनीच मला एका पुस्तकात दाखवलं होतं. मी माझा कोट उचलला. ते हळू आवाजात म्हणाले, "आकडे कुठेच चुकले नव्हते."

मी "हो" म्हटलं.

उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं आणि ते मुलीकडे ओहायोला गेले. प्लायवूड शेजाऱ्यांनी फळ्या करायला नेलं. गेल्या हिवाळ्यात काकाही वारले. व्हेनिसला ते गेले नाहीत. मीही गेलेले नाही.

त्यांनी परत केलेलं ते शेवटचं पुस्तक आमच्याकडे मागच्या कपाटात आहे. आत तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर परतीच्या तारखांचे अकरा शिक्के आहेत. ते सगळे मी काकांसाठी मारलेले आहेत. बाराव्या जागी काही नाही.