दुसरा भाग, उजव्या हाताने

"आधी बघून घेऊ," असं काका म्हणायचे आणि माउस हळूहळू पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे. दार, खुंटीवरचा कोट, टेबलावरची बरणी, कोपऱ्यात झोपलेलं मांजर. लगेच काही उचलायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही. सगळी खोली नजरेखालून गेली की मान माझ्याकडे वळवून म्हणायचे, "हं. आता बोल, बाय."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. हे काका त्यांतलेच एक, कांजूरमार्ग पूर्वेला राहायचे, तिसऱ्या मजल्यावर. पॅरालिसिसचा अटॅक येऊन दीड महिना झाला होता तेव्हा मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले. पाय बऱ्यापैकी सावरला होता, बोलणंही हळूहळू परत येत होतं. उजवा हात मात्र मांडीवर पडलेला असायचा, कोणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा.

माणूस म्हणजे अंधेरीच्या एका कारखान्यातला जुना ड्राफ्ट्समन. सगळी नोकरी यंत्रांची ड्रॉइंगं काढण्यात गेली. मी पहिल्या दिवशी लाकडी पाटीवर खुंट्या लावायचा व्यायाम पुढे ठेवला. त्यांनी त्या रंगीत खुंट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, बालवाडी कितव्या मजल्यावर?"

दुसऱ्या दिवशी दाबायला मऊ गोळा दिला, तर स्वयंपाकघराकडे तोंड करून काकूंना म्हणाले, "अगो, पीठ मळून झाला. पोळ्यो कर." तुम्हीही असे पेशंट पाहिले असतील. चिडत नाहीत, रडत नाहीत. नुसती थट्टा करतात आणि व्यायाम टाळतात. असे पेशंट सगळ्यात कठीण.

गोष्ट बदलली ती त्यांच्या मुलीमुळे. ती बोरिवलीला असते, रविवारी येते. एका सोमवारी मी गेले तर टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याच्या पडद्यावर बर्फातलं एक खेडं. एक बारीक चणीचा पोस्टमन छत्री घेऊन मधोमध उभा होता.

काकूंनी मला सगळी हकीकत सांगितली. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर पहिले काही दिवस काका एकेक शब्दच बोलायचे. पहिलं पूर्ण वाक्य आलं ते असं: "दुसरा भाग राहिलाय." काकू घाबरल्या. "माका वाटला, गावच्या जमिनीचा कायतरी. कसलो दुसरो भाग? मेल्यांनी वाटणी केली काय?" मुलीला मात्र बरोबर कळलं.

झालं होतं असं. कारखान्यात ड्रॉइंग बोर्ड गेले आणि कम्प्युटर आले, तेव्हा त्यातल्या एका कम्प्युटरवर या पोस्टमनच्या खेळाचा पहिला भाग कोणीतरी टाकला होता. काका आणि शेजारच्या टेबलावरचा मित्र, दोघांनी डबा खाता खाता वर्षभर तो खेळला. पुढे दुसरा भाग आल्याचं कळलं, तेवढ्यात कारखाना गुजरातला गेला. मित्र कारखान्याबरोबर गेला, काका राहिले. नंतर घरचे व्याप आले, आणि दुसरा भाग तसाच राहून गेला.

ज्यांनी असा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. यात मारामारी नाही, पळापळ नाही. पडद्यावर एक चित्र असतं. चित्रातल्या वस्तूवर क्लिक केलं की आपला माणूस चालत तिथे जातो, तिच्याबद्दल काहीतरी मजेशीर बोलतो किंवा ती उचलून पिशवीत टाकतो. ती वस्तू पुढे कुठेतरी कामाला येते. अडलात तर अडलात. दोन मिनिटं अडा, नाहीतर दोन आठवडे. तुम्हाला कोणी बाद करत नाही. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. माझ्या पेशंटला असंच काहीतरी हवं होतं.

"काका, एक अट," मी म्हटलं. "खेळायचं ते उजव्या हातानं."

"तो तर ऐकत नाही माझं."

"माझंही ऐकत नाही. पोस्टमनचं ऐकेल."

मग कोपराखाली टॉवेलची घडी, माउसवर माझ्या हातानं ठेवलेली त्यांची बोटं, आणि खेळ सुरू झाला. पहिल्या दिवशी दारापर्यंत जायला पाऊण तास लागला. पोस्टमन भिंतीवर आपटत राहिला, दोनदा मांजराशी बोलला. त्या पाऊण तासात काकांनी एकदाही थट्टा केली नाही.

दुसऱ्या भागात पोस्टमनला एक पत्र पोचवायचं होतं. पत्र एका बाईच्या नावाचं, आणि गावातला प्रत्येक जण म्हणायचा, अशी बाई इथे नाहीच. संवाद इंग्रजीत. काका ते मोठ्यानं वाचायचे, हा बोलण्याचा व्यायाम. आणि काकूंना मालवणीत सांगायचे, हा त्याहून मोठा व्यायाम. काकू सोफ्यावर भाजी निवडत बसायच्या. "माका काय करूचा हा तुमच्या पोस्टमनाचा," असं म्हणायच्या, पण त्याच्या पिशवीत काय काय आहे हे तिघांत फक्त त्यांनाच पाठ असायचं.

एकदा पुलावर एक बोकड आडवा उभा होता. आम्ही दोघांनी छत्री दाखवली, घंटा वाजवली, पत्र वाचून दाखवलं. बोकड ढिम्म. चार दिवस असेच गेले. मी म्हटलं, "काका, इंटरनेटवर उत्तर मिळतं."

"उत्तर बघायचं नाही," ते म्हणाले. "मग राहतं काय आपल्याला?"

काकूंनी भाजीतून मान वर केली. "त्या बोकडाक कायतरी खावक घाला. त्याच्या पिशयेत कोबीचो पालो आसा मा?"

बोकड पाला खात बाजूला झाला. काका मला हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं संसार केला. हिला आधीच विचारायला हवं होतं."

तेव्हापासून मी 'मॅडम'ची 'बाय' झाले, घरच्या मुलीला म्हणतात तशी. हात उघडायला लागला होता. संध्याकाळी वारा फिरला की जवळच्या डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास नको म्हणून त्या घराच्या खिडक्या लागायच्या. एके दिवशी काकू म्हणाल्या, काल कडी यांनी लावली. उजव्या हातानं.

आणि मग विहीर आली.

गावाच्या टोकाला विहीर, विहिरीवर रहाट, बादलीत एक किल्ली. माउसचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून गोल गोल फिरवायचं, म्हणजे बादली वर येते. मध्येच बोट उचललं गेलं की बादली धाडकन पाण्यात. तीन आठवडे बादली पडत राहिली. पडली की काकू मान वर न करता म्हणायच्या, "गेली." काकांचा खांदा कानापर्यंत चढायचा, मी तो खाली दाबायची, की बोट सुटायचं. अटॅकला पाच महिने होऊन गेले होते. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, सहा महिन्यांत जे येईल ते येईल, पुढे काही नाही. ते मला ठाऊक नव्हतं.

एका सोमवारी मी गेले तर पोस्टमन विहिरीच्या पलीकडे, हातात किल्ली.

"काका! झकास!" मी जवळजवळ ओरडलेच. काकूंनी शिरा केला. मी फाइलमध्ये लिहिलं, पकड धरून ठेवण्यात चांगली सुधारणा. नंतर पकड मोजली तर आकडा मागच्या आठवड्याचाच. अंगठाही तसाच दुबळा. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण शिरा खाऊन झाला होता आणि सगळे खुशीत होते. मी काही बोलले नाही.

बुधवारी गेले तर पोस्टमन पुन्हा विहिरीच्या अलीकडे.

"हे काय झालं?"

"मागे जुनं सेव्ह होतं. तिथून परत सुरू केलं." मग एकेक शब्द सांभाळत ते म्हणाले, "परवा मी तुला फसवलं, बाय. बादली डाव्या हातानं काढली. ही खाली गेली होती तेव्हा."

"असू दे हो. एवढीशी गोष्ट."

"नाय." ते पडद्याकडेच बघत होते. "नोकरीला नवा होतो तेव्हा एका शाफ्टचं ड्रॉइंग दुसऱ्याकडून करून घेतलं आणि खाली सही माझी केली. शाफ्ट उत्तम निघाला. साहेबानं पाठ थोपटली. पण तो शाफ्ट मला कधी माझा वाटला नाही." मग आवाज खाली आला. "उजवा आता येणारच नाही असं वाटलं. सहा महिने भरत आले ना. म्हणून केलं."

काकूंच्या हातातली भाजी थांबली होती. सहा महिन्यांची गोष्ट त्यांनाही त्याच दिवशी कळली असावी.

मला खूप काही सांगता आलं असतं. सहा महिन्यांनंतरही हात सुधारतात, मी स्वतः पाहिलेत. ते मी सांगितलंच, पण आधी फाइल उघडली आणि सोमवारची ओळ त्यांच्यासमोर खोडली. म्हटलं, "मलाही शंका आली होती. मी पण गप्प बसले."

ते हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू.

मग काकू उठून आल्या. कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "गो बाय, तू त्यांका सारख्या मनगट, मनगट सांगतस. दळूचा जाता कधी फिरवलंस? मनगटान फिरवलंस तर दोन मुठीत दमतलंस. दंडान फिरवूचा लागता."

मी खुर्चीवर दोन उशा टाकल्या, त्यांना उंच बसवलं. कोपर मोकळं झालं, खांदा आपोआप उतरला. बोटानं फक्त दाबून धरायचं, फिरवायचं ते दंडानं. चार वर्षं कॉलेजात शिकले, आणि ही गोष्ट मला जात्यावर बसलेल्या बाईनं शिकवली. हे मी आता नव्या मुलींना शिकवते, काकूंचं नाव न सांगता.

नवव्या दिवशी बादली हलत हलत वर आली. काठाशी टेकली. काका फिरवतच राहिले.

"इली वर," काकू म्हणाल्या. "सोडा आता ता बटण."

"थांब गं जरा."

बोट बटणावर तसंच होतं, थरथरत, पण दाबलेलं. आम्ही दोघी त्या बोटाकडे बघत उभ्या राहिलो. किती वेळ, मोजलं नाही.

खेळ त्यानंतर दोन महिन्यांनी संपला. ती बाई म्हणजे खानावळवाली म्हातारी निघाली, नाव बदलून राहिलेली. शेवटचं क्लिक काकांनी माझ्यासाठी दोन दिवस राखून ठेवलं होतं. पत्र तिच्या हातात गेलं. काकू पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "रडतली गो ती आता." मग बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. मी बॅग आवरायला घेतली, तर काकांनी हात केला. "थांब. चित्रं कोणी काढली ते बघू." ते एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले, परकी, अवघड नावं, एकही न गाळता. वाचून झाल्यावर म्हणाले, "माणसांनी बसून काढलंय हे सगळं. रेषा बघ किती साफ आहेत."

पुढे माझं जाणं आठवड्याला एकदा झालं, मग महिन्याला. आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की माणूस सुटतो. शेवटच्या तपासणीला गेले तर दार काकूंनी उघडलं, घरात त्या एकट्याच.

"बाजारात गेलेत. एकटेच. मी म्हटलंय मी येतंय, तर नको म्हणाले." त्यांच्या तोंडावर काळजी होती आणि अभिमानही, त्यातलं काय जास्त ते सांगता येईना.

मी चहा घेतला, वीस मिनिटं थांबले. भांडुपला पुढचा पेशंट होता. "मोजमाप काय, फोनवर विचारीन," असं सांगून निघाले.

रिक्षा बाजाराच्या कोपऱ्यावर अडली तेव्हा ते दिसले. डाव्या हातात पिशवी. कोळणीच्या टोपलीपुढे वाकले होते. उजव्या हातानं त्यांनी एक बांगडा उचलला, तळव्यावर नीट धरला, आणि अंगठ्यानं त्याचा कल्ला हळूच वर करून आत पाहिलं. लालभडक असावा, म्हणजे ताजा. कोळीण काहीतरी बोलली, ते मान हलवून हसले, आणि तो बांगडा घ्यायचा म्हणून बाजूला ठेवून दुसरा उचलायला त्यांनी तोच हात पुढे केला.

मी हाक मारली नाही. रिक्षा सुटली.