किसनच्या नावावरची छाती

किसन आकुर्डीचा, चाकणच्या एका फाउंड्रीत कंत्राटावर. पर्मनंट होण्याच्या आशेवर राबराब राबायचा. यंदा नंबर लागणार म्हणेपर्यंत त्याला खोकल्यानं धरलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात कंपनीच्या गेटवर एक्स-रेची गाडी येणार होती. अनफिट ठरलो तर संपलंच, म्हणून त्यानं धाकट्या भावाला, संघर्षला, आपला युनिफॉर्म चढवून रांगेत उभं केलं. चेहरे सारखे, कोण बघतंय! संघर्ष म्हणजे पैलवान गडी, हसत हसत एक्स-रे काढून आला.

दुसऱ्या दिवशी किसनच्या फोनवर रिपोर्ट आला. कंप्युटरनं उजव्या फुप्फुसावर लाल चौकट काढली होती, खाली लिहिलं होतं: डाग आहे, तज्ज्ञांना दाखवा.

किसनच्या पायाखालची जमीन सरकली. गुपचूप कासारवाडीच्या एका लॅबमध्ये जाऊन त्यानं स्वतःचा एक्स-रे काढला. साफ! नुसता धुळीचा खोकला. "हरामखोर मशीन, माझ्या पोटावर पाय देत होतं!" असं म्हणत त्यानं तो नवा एक्स-रे कंपनीत दिला आणि पर्मनंट झाला. अरे बाबा, पण चौकटीतली छाती कुणाची होती? रिपोर्टवर नाव आपलं म्हणजे दुखणं आपलं, एवढंच त्या भल्या माणसाच्या डोक्यात बसलेलं. घरी मटण शिजलं. संघर्षही पोटभर जेवला.

वर्षभरात पैलवान वाळून काटकी झाला, थुंकीतून रक्त पडू लागलं. मोठ्या दवाखान्यात सगळ्या अंगाचा स्कॅन केला. कंप्युटरच्या पडद्यावर फुप्फुस, यकृत, मणके, जागोजाग ठिपके पेटलेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी कधी छातीचा एक्स-रे काढला होता?"

तेव्हा कुठं किसनला उमगलं. पण तो तोंड उघडायच्या आत संघर्षच म्हणाला, "नाय मॅडम, कधीच नाय."

"काढला असता तर वेळेत सापडलं असतं हो," बाई हळहळल्या.

बाहेर बाकड्यावर किसन ढसाढसा रडला. फोनमधला तो रिपोर्ट त्यानं भावापुढं धरला, सगळं सांगितलं. "मी मारलं रे तुला! आत जाऊन सांगतो."

संघर्षनं त्या लाल चौकटीवर बोट टेकवलं. मग म्हणाला, "सांगून मी वाचणार हाय का? तुझी नोकरी मात्र जाईल. पुसून टाक, दादा."

सांगायला जीभ रेटत नाही, पण किसननं तो रिपोर्ट पुसला.