टापूवाल्याचा आजा

टापूवाला सरकारमुळे गेला, असं आमच्या गावात अजूनही सांगतात. मीही तसंच सांगत आलो. खरं काय झालं ते मी आजवर कुणापाशी बोललो नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. आता बोलतो. पण आधी तो माणूस कसा होता ते सांगावं लागेल.

टापूवाला म्हशीला 'आपण' म्हणायचा. म्हैस गोठ्याच्या दारात आडवी बसली की हा अदबीनं वाकून म्हणे, "आपण जरा सरकता का?" म्हैस सरकत नसे. हा उभाच. शेवटी माझी आई येऊन म्हशीच्या पाठीवर थाप मारी आणि म्हणे, "अरं लेकरा, ती काय तहसीलदारीण हाय का?" त्याचे पणजोबा कोकणातून जहाजात बसून आफ्रिकेच्या बाजूच्या एका टापूवर ऊस तोडायला गेले होते. घरात मराठी टिकली ती आरत्या-भजनांतून. त्यामुळे देवाशी बोलायची तेवढीच मराठी त्याला येत होती, ती तो सगळ्यांना सारखी वापरायचा. टापूचं नाव गावात कुणाला धड घेता येईना, म्हणून तो टापूवाला.

सत्तरनंतरची ती वर्षं. परभणीला शेतकीच्या कॉलेजात तो माझ्या खोलीत होता. आमचा तालुकाही तेव्हा परभणी जिल्ह्यातच. सुट्टीत तो दुसरं कुठं जाणार, म्हणून मी त्याला हट्ट्याजवळच्या आमच्या गावी आणायचो. शेतात शिरताना तो चपला बांधावर काढून ठेवी. काटे टोचले तरी ऐकत नसे. मी एकदा विचारलं, "तुमच्याकडंबी असंच करता का?" तर म्हणाला, "नाही बंधू. तिथे बूट घालतो. तिथली जमीन कंपनीची आहे."

शेवटच्या वर्षी आमच्या भागातल्या बियाण्याच्या सरकारी फार्मवर त्याला कपाशीचं काम मिळत होतं. अडचण एवढीच, की परदेशातून शिकायला आलेल्याला शिक्षणापुरती राहायची परवानगी. निकाल लागला की काही महिन्यांत परत. नोकरी हवी तर आधी इथला नागरिक व्हायचं. टापूवर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बापाच्या शेजारची खुर्ची त्याच्यासाठी तयार होती आणि ती त्याला नको होती. "मला इथेच ठेवून घ्या," तो मला म्हणाला. हेही देवाला म्हणावं तसंच.

मी ही गोष्ट माझ्या चुलत्यांच्या कानावर घातली. आबा गावचे पोलीस पाटील, म्हणजे कायदा त्यांच्या घरी राहायला होता. ते म्हणायचे, "कायदा म्हंजे म्हैस हाय. समोरून गेलं की मारती, बाजूनं बसलं की दूध देती." त्यांनी टापूवाल्याला पहिला सल्ला दिला तो असा: "नापास व्हय. आमचा गणपत नापास होऊन पाच वर्सं परभणीत राहिला. त्याला कुनी हाकललं का?" सल्ला कायद्यात बसत होता. पण टापूवाल्याला चुकीचं उत्तर लिहिता येईना. परीक्षेला बसला, खरं तेच लिहिलं, आणि पहिल्या वर्गात पास झाला. आबा महिनाभर त्याच्याशी नीट बोलले नाहीत.

मग लग्न. आबांनी जवळा बाजारच्या बाजारात एक पोरगीही हेरून ठेवली, आणि आम्ही तिघं वसमतच्या वकीलसाहेबांकडे गेलो. म्हातारे, निजामाच्या काळापासून वकिली करणारे. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "पाटीलसाहब, बाहेरची लडकी इथल्या पोराशी निकाह करेल तर ती हिंदुस्थानी होऊ शकते. बाहेरचा लडका नाही. कानून में बहू का रास्ता है, दामाद का नहीं." आबांनी टापूवाल्याकडे असं पाहिलं, जणू पोरगी होऊन जन्माला न येणं हा त्याचाच निष्काळजीपणा.

वकीलसाहेबांनीच तिसरी वाट दाखवली. आईबाप किंवा आजाआजी यांपैकी कुणी हिंदुस्थानात जन्मलेलं असेल तर अर्ज करता येतो. टापूवाल्याचा पणजा इथला, आजा मात्र टापूवरच जन्मलेला. एका पिढीनं हुकलं होतं.

"येवढंच ना?" आबा म्हणाले. "येक पिढी आपन देऊ."

माझ्या आज्याला दाजिबा नावाचा धाकटा भाऊ होता. तरुणपणी भांडून घरातून निघून गेला, पुन्हा दिसला नाही. आबांनी त्याला जहाजात बसवलं. टापूवर उतरवलं, लग्न लावून दिलं, आणि पारावर चहा संपायच्या आत टापूवाला आबांचा पुतण्या झाला. भावकीनं हसत हसत अंगठे दिले. एका म्हातारीनं त्याची हनुवटी धरून निकाल दिला, "नाक बराबर दाजिबाचंच." टापूवाला पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं आरशात नाक पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून तो आबांना काका म्हणू लागला. आम्ही एक कागद केला होता. त्यानं तो खरा मानला.

आणि एका सकाळी बांधावर चपला काढून त्यानं आबांना विचारलं, "काका, माझ्या आज्याचं शेत कोणतं?"

त्याला फक्त पाया पडायचं होतं. पण आबांचा तंबाखू चोळणारा अंगठा थांबला. दाजिबाचं शेत म्हणजे आम्ही कसत होतो ते विहिरीकडचं, माझ्या आज्याच्या आणि त्याच्या दोघांच्या नावाचं. वाटणी कधी झालीच नव्हती. निम्मा हिस्सा दाजिबाचा, म्हणजे दाजिबाच्या वारसाचा, म्हणजे आम्ही अंगठे देऊन जो वारस तयार केला होता त्याचा. दुपारपर्यंत भावकी पारावर जमली. "येड्यावानी काय करून बसलो आपन?" कुणी म्हणालं. ज्या म्हातारीला नाक पटलं होतं तिला आता कान वेगळे वाटू लागले. मी म्हणालो, तो शेत मागणार नाही. आबा म्हणाले, "तो न्हाई मागनार. त्याचं लेकरू मागंल." तेव्हा टापूवाल्याचं लग्नही झालेलं नव्हतं.

पोलीस पाटलानं दिलेला शब्द मागं कसा घ्यायचा, हा प्रश्न होता. तोही सुटला. टापूवाल्याच्या अर्जाच्या चौकशीसाठी घरातल्या एकाला परभणीला कचेरीत बोलावलं होतं, आबांनी मला पाठवलं. बसमध्ये चढताना म्हणाले, "तू शिकलेला हाईस. जे खरं ते सांग." आयुष्यात हा सल्ला त्यांनी मला त्या एकाच दिवशी दिला.

टापूवाला बाहेर बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून. आत साहेबांनी मला विचारलं, "हे तुमचे नातेवाईक?"

मी म्हणालो, "न्हाई साहेब. म्हाताऱ्या मानसांचा घोटाळा झाला."

खोटं काही बोललो नाही. पण विहीर मध्ये नसती तर मी तिथं आनंदानं खोटं बोललो असतो. खरं बोललो ते सत्यासाठी नाही, पाण्यासाठी.

बाहेर येऊन मी त्याला सांगितलं, सरकारला कागद पटले नाहीत. त्यानं बोटांनी नाक चाचपलं. मग म्हणाला, "माझे नाक नीट जुळले नसावे." मी म्हणालो, बसची वेळ झाली. खरं बोलायची वेळ होती ती तीच.

जाण्याच्या दिवशी आबांनी त्याला शेंगा, ज्वारीचं पीठ, सुपारी असं सगळं बांधून दिलं आणि खरोखर रडले. सुटका झालेला माणूस मनापासून रडतो. टापूवाला गोठ्यात जाऊन म्हशीला म्हणाला, "आपली रजा घेतो." म्हैस त्या दिवशी, का कुणास ठाऊक, उठून उभी राहिली.

पुढं त्याची दिवाळीची पत्रं येत राहिली, 'तीर्थरूप काकांस' म्हणून. आबा ती पारावर मोठ्यानं वाचून घ्यायचे. "आमचा पुतन्या टापूत साहेब हाय," असं सांगायचे. मध्ये समुद्र असला की नातं सांगायला हरकत नसते. आबा गेले. विहिरीकडचं शेत माझ्या नावावर झालं.

मागच्या साली त्याचं पत्र आलं. पितृपक्षात तो दरवर्षी दाजिबाच्या नावानं पान वाढतो, सरकारला पटलं नाही तरी. आमच्या घरात दाजिबाचं पान कधी कुणी वाढलं नाही. त्यानं विचारलंय, आज्याला जेवणात काय आवडायचं.

मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. टापूवाल्याला मी एक आजा देणं लागतो.