गावंडे सरांचे हजार पावसाळे

"बसा. चारशेवा पावसाळा चालू आहे," गावंडे सर मला पहिल्यांदा म्हणाले ते हे. मे महिन्यातली दुपार होती. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो आणि सर विभागप्रमुख होते. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या पावसाच्या जुन्या नोंदी त्यांनी कचेऱ्यांमधून हाताने उतरवून आणल्या होत्या. त्यांवरून कॉलेजचा एकुलता एक संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखे हजार काल्पनिक पावसाळे रचायचा. पहिल्या चांगल्या पावसानंतर मोठा खंड किती वेळा पडतो, ते सर तालुक्यागणिक मोजत आणि भिंतीवरच्या नकाशात रंगीत पेन्सिलीने भरत.

कापसाची ती वाईट वर्षं. उगवलेलं बी वाळलं तर पुन्हा पेरायची ताकद कुणात उरली नव्हती. म्हणून सर रविवारी एसटीने घाटंजीच्या बाजारात जात आणि भेटेल त्याला आकडे सांगत. "देव काय करन ते मले मालूम नाही," ते म्हणत. "आतापर्यंत काय करत आला, तेवढं सांगतो."

त्यांचे थोरले भाऊ, दादा, घाटंजीजवळच शेती करत. एका जूनमध्ये लवकर पाऊस आला. गावाने पेरलं, सरांनी दादांना थांबवलं. पण पाऊस तुटलाच नाही. शेजाऱ्यांची कापसाची पऱ्हाटी कमरेला लागली, तेव्हा दादांची गुडघ्याएवढी होती.

सर गावात गेले तेव्हा मी सोबत होतो. चहाच्या टपरीवर दादाही बसले होते. तिथे एकाने विचारलं, "काहून मास्तर, कंप्युटर बिघडला काय?"

"नाही," सर म्हणाले. "दहातून सहा वेळा पाणी तुटते, चार वेळा नाही तुटत. यंदा चारातलं निघालं." मग ते दादांकडे वळले. "पण तुले मी नुसतं 'थांब' म्हणलं, दादा. चाराचं बोललोच नाही. ते माह्यं चुकलं."

दादा उठले. चहा तसाच ठेवून वावराकडे निघून गेले. परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर बघत बसले होते.

पुढल्या मे महिन्यात दादा स्वतःच कॉलेजात आले. नकाशापुढे उभे राहून म्हणाले, "पुरा आकडा सांग. पेराचं कवा, ते मी पाहीन." सरांनी दोन्ही बाजू सांगितल्या, सल्ला दिला नाही. दादांनी पहिल्या पावसावर अर्धं वावर पेरलं, अर्धं पुढच्या पावसासाठी राखलं. पेरलेलं वाळलं, राखलेलं पिकलं.

निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी सर गेले. मी दादांना भेटायला गेलो तेव्हा ते ओसरीत एकटेच बसले होते. मला म्हणाले, "शिकलेली माणसं आपल्याले काय समजते ते सांगतात. माहा भाऊ, काय समजत नाही, तेही सांगे."